खुश्की मुलखातील हिरवी हद्द

निजामाच्या राज्यात मराठवाड्याची जमाबंदी झाली, तेव्हा महसुली दफ्तरात जमिनीची मुख्यतः तीन नावे होती. पावसावर पिकेल ती खुश्की. तलावाच्या वा नदीच्या पाटाने भिजेल आणि बहुधा भाताखाली राहील ती तरी. आणि विहिरीवर मोट लावून जिथे ऊस, हळद, केळी, भाजीपाला निघेल ती बागात. नांदेड आणि लातूर या दोन्ही भागांत खुश्कीचा विस्तार एवढा मोठा आणि बागातीचा एवढा तोकडा होता, की मोटेच्या प्रत्येक फेरीचा हिशेब पिकाच्या भाषेत मांडण्याची सवय इथल्या कुणब्याच्या हाडीमांसी भिनली होती. ज्या झाडापासून दाणा नाही, फळ नाही, वैरण नाही, जे केवळ बारा महिने हिरवे राहावे आणि कातरून सरळ रेषेत उभे राहावे एवढ्यासाठीच पाणी मागते, अशा झाडाला या तिन्ही नावांखाली जागा नव्हती. असे असूनही विसाव्या शतकात या प्रदेशातील कचेऱ्या, डाकबंगले, आगगाडीची स्थानके, दवाखाने आणि शाळा यांच्या पुढ्यात कमरेएवढ्या उंचीचे मेंदीचे कुंपण ही इतकी नित्याची गोष्ट झाली, की तिलाही काही इतिहास असेल असे कोणाच्या मनात आले नाही. तो इतिहास आहे, आणि माझ्या मते तो या मुलखाच्या पाण्याचा आणि इथल्या राज्यव्यवस्थेचा इतिहास आहे.

हिरव्या भिंती कातरण्याची कला मुळात युरोपातील, आणि तिचे झाड बॉक्सवुड. बोटाच्या पेराहूनही लहान, चिवट, तकतकीत पाने, अतिशय मंद वाढ, आणि कितीही वेळा कात्री चालवली तरी पुन्हा दाट फुटण्याची वृत्ती, या तीन गुणांमुळे रोमन लोकांनी ते आपल्या उद्यानांत आणले. धाकट्या प्लिनीने आपल्या तस्कनीतील वाड्याचे वर्णन एका पत्रात केले आहे, त्यात या झाडाला कापून पशूंचे आकार दिल्याचा उल्लेख येतो. पुढे सतराव्या शतकात आंद्रे ल नोत्र याने व्हर्सायच्या राजोद्यानात जी विस्तीर्ण नक्षी रेखली, तिच्या रेषा याच झाडाच्या होत्या, आणि इंग्लंडातील सरदारांच्या हवेल्यांपासून पाद्र्यांच्या घरांपर्यंत वाफ्यांच्या कडा त्यानेच आखल्या गेल्या. त्याचे लाकूड पाण्यात टाकले तर बुडावे इतके घट्ट. कंगवे आणि चित्रमुद्रणाचे ठोकळे त्याचेच होत. त्याचा एक भाऊबंद आपल्याकडेही आहे, पण तो हिमालयाच्या थंड, ओलसर दऱ्यांत. फारसीत बॉक्सवुडला शमशाद म्हणतात, आणि फारसी शायरीत प्रियेच्या उंच, सडपातळ बांध्याला शमशादची उपमा देण्याची रीत आहे. त्यामुळे निजामाच्या कचेऱ्यांतून फारसी शिकलेल्या आपल्या देशपांडे-कुलकर्ण्यांनी या झाडाचे नाव वाचले असणार, जरी ते झाड नांदेडच्या मातीत त्यांना कधी दिसले नाही.

ते दिसणे शक्यच नव्हते. बॉक्सवुडला थंड हिवाळा हवा, मुळांशी सतत गारवा हवा, पण पाणी साचलेले मुळीच चालत नाही. आपल्या काळ्या मातीचा स्वभाव याच्या नेमका उलट. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते आणि पाणी धरून बसते. वैशाखात तीच आक्रसून अशी भेगाळते की भेगेत हात घालावा तर कोपरापर्यंत जातो, आणि त्या भेगा झाडांची कोवळी मुळे तोडून टाकतात. लातूर पठारावर वसलेले असल्यामुळे तिथली रात्र थोडी तरी निवते. गोदाकाठच्या सखल नांदेडला मे महिन्यात तोही दिलासा नाही. अशा ठिकाणी हिरव्या भिंतीची हौस करायची, तर ते काम पेलणारे दुसरे झाड हुडकणे भाग होते.

पण मुळात ही हौस इथली नव्हती. दक्षिणेतील मुसलमानी राजवटींनी बागांवर अपार प्रेम केले, याची साक्ष या दोन जिल्ह्यांच्या सीमेला लागूनच मिळते. उदगीर ज्या बीदरच्या सत्तेखाली दीर्घकाळ होते, त्या बीदरमध्ये बरीदशाही सुलतान अली बरीद याची कबर चारबागेच्या मध्यभागी उभी आहे, आणि गावाबाहेर नौबादजवळ जमिनीच्या पोटातून पाणी वाहून नेणारा करेझ आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी औसा ज्याच्या अमलाखाली होते, त्या मलिक अंबरने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, नहर बांधून जमिनीखालून शहरभर पाणी खेळवले. परंतु या बागांची आखणी झाडांनी होत नसे; ती पाण्याने आणि दगडाने होत असे. मध्यावर हौद, त्यातून चार दिशांना जाणारे पाट, पाटांच्या कडेला घडीव फरशी, आणि मधल्या चार चौकांत डाळिंबे, लिंबे, सरू, गुलाब, मोगरा, अशी ती रचना असे. झाडाने आपल्या मर्जीने वाढावे आणि रेषा पाण्याने सांभाळावी, हे त्या बागेचे तत्त्व. ताजमहालाच्या बागेत आज दिसणारी मोकळी हिरवळदेखील लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीतील आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे मोगलाई आणि इंग्रजी या दोन दृष्टींतील अंतर समजते. कात्रीने झाडाची भिंत करणे हे दुसऱ्या दृष्टीचे अपत्य.

गावगाड्यातही या भिंतीला स्थान नव्हते. मराठवाड्यातील जुने घर, मग ते पाटलाची गढी असो, देशमुखाचा वाडा असो की कुणब्याचे माळवदाचे घर असो, बाहेरच्या जगाकडे दगडामातीची आंधळी भिंत फिरवून उभे राही. त्याची हिरवळ आतल्या चौकात तुळशीवृंदावनापुरती आणि मागच्या परसात असे. समोर बाग आणि बागेला कुंपण ही कल्पना अशा घराला सुचणेच कठीण. कुंपण होते ते शेताला. धुऱ्यावर बोरी-बाभळीच्या काट्यांची वई रचायची, ओढ्याच्या कडेला घायपात लावायचा, माळावर शेर किंवा निवडुंग माजू द्यायचा, आणि सागरगोट्याची वा चिल्लारीची काटेरी जाळी गुरांच्या वाटेवर सोडायची, एवढाच त्याचा शिरस्ता. यातला फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेचा. तो दक्षिण भारतात इतका बेफाम पसरला होता की १९२६ च्या सुमारास सिंहलद्वीपातून आणलेला एक पांढुरका किडा त्याच्यावर सोडावा लागला, आणि त्याने थोड्याच वर्षांत निवडुंगाची रानेच्या राने संपवली. काट्याच्या कुंपणाचा सरकारी अतिरेक पाहायचा तर तो आपल्या उत्तरेस झाला. मिठाची जकात चुकवणाऱ्यांना अडवण्यासाठी इंग्रजांनी सिंधूपासून थेट बऱ्हाणपूरच्या परिसरापर्यंत जी जकातीची रेषा आखली होती, तिच्या शेकडो मैलांवर बाभूळ, बोर, करवंद आणि निवडुंग यांचे जिवंत तट उभे करून त्यांवर हजारो पहारेकरी नेमले होते. १८७९ मध्ये ती रेषा मोडली, तेव्हा गोरगरिबांच्या मिठाला लागलेला एक काटा निघाला.

या सगळ्यात मेंदी होती, पण कुंपणात नव्हे. ती परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, कढीपत्त्याच्या आणि आळूच्या शेजारी वाढे. तिचे एखादे झुडूप दहा-बारा हात उंच होऊन भिंतीवरून डोकावे, आणि आळीतल्या बायका सणावारी त्याची पाने ओरबाडून नेत. संस्कृतात तिला मदयंतिका म्हटले आहे, ते बहुधा तिच्या फुलांच्या वासामुळे. हिरवट पांढऱ्या, मोहरासारख्या त्या तुऱ्यांचा गंध संध्याकाळी एवढा दाटतो की झाड दिसण्याआधी त्याची वर्दी मिळते, आणि त्याच फुलांचे अत्तर हिना या नावाने आपल्याकडच्या दर्ग्यांत आणि लग्नघरांत वापरले जाते. या परसातल्या झुडपाला दर्शनी बाजूस आणून ओळीत उभे केले ते बंगल्याने.

बंगला मराठवाड्यात आला तो छावणीबरोबर. हैदराबाद कंटिंजंट या नावाची जी फौज निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली होती, आणि जिच्या पगारापायी १८५३ मध्ये निजामाला वऱ्हाड लावून द्यावे लागले, तिची दोन ठाणी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत : नांदेडच्या अंगाला हिंगोली आणि लातूरच्या अंगाला मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई. इंग्रज अधिकाऱ्याचे घर वाड्याच्या अगदी उलट्या बुद्धीने बांधलेले असे. वाडा आपला मोकळा चौक मध्ये ठेवून भिंती कडेला नेतो. बंगला स्वतः मध्ये बसतो आणि मोकळी जागा चारी बाजूंनी कडेला ठेवतो. अशा घराला हद्द दाखवावी लागते. ती हद्द धुळीचा लोट थोपवील, शेळीला आत येऊ देणार नाही, वारा अडवणार नाही आणि डोळ्याला गारवा देईल अशी हवी असे. उंच दगडी भिंतीने यातले निम्मेच साधले असते आणि खर्च मात्र दामदुप्पट झाला असता. आपल्या मायदेशी याच कामाला बॉक्सवुड किंवा प्रिव्हेट लावणाऱ्या साहेबापुढे इथे मेंदीचे झुडूप आले, तेव्हा तिच्यात त्याला हवे ते सारे गुण सापडले. पाने लहान आणि समोरासमोर, फांद्या सडपातळ, कापेल तितकी दाट होणारी, काळ्या मातीच्या भेगांना न जुमानणारी, आणि जुनी झाली की बाजूच्या फांद्यांची टोके कठीण होऊन काट्यांसारखी टोचणारी.

१९०३ मध्ये कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली आणि ही ठाणी ओसरली, पण बंगल्याचा नमुना तोवर दिवाणी अंमलात मुरला होता. निजामाचा दिवाण सालारजंग याच्या सुधारणांत १८६५ च्या सुमारास जिल्हाबंदी झाली, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आला, त्याच्या हाताखाली तहसीलदार, पेशकार, शिरस्तेदार अशी उतरंड लागली, आणि या प्रत्येकाच्या बसण्या-उतरण्याची तजवीज कचेरी, तहसील, डाकबंगला, मुसाफिरखाना या रूपाने गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत झाली. नांदेड जिल्ह्याचे ठिकाण असल्यामुळे तिथे हा सरंजाम लवकर उभा राहिला. लातूर त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होते, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तर बीदर जिल्ह्यात मोडत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हैदराबाद-मनमाडची मीटरमापी लोहवाट नांदेडवरून गेली आणि १९११ मध्ये बार्शी लाइटची अरुंद गाडी लातुरास पोहोचली. आगगाडीला इंजिनासाठी पाणी हवे, म्हणून स्थानकाला टाकी आणि विहीर आली, आणि जिथे पाणी आले तिथे स्थानकमास्तराच्या खोलीपुढे दोन वाफे आणि मेंदीची एक ओळ आली. लातुरात १९१७ मध्ये फैयाजुद्दीन यांच्या आराखड्याप्रमाणे गंजगोलाई बांधली गेली. वर्तुळाकार दुमजली इमारत, मध्ये अंबाबाईचे देऊळ आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते, अशी ती बाजारपेठेची आखीव रचना आजही पाहणाऱ्याला थक्क करते. गोलाईत हिरवळीला जागा नव्हती, ती व्यापाराची भूमी. पण रेषेने नगर आखावे ही जी बुद्धी तिच्यात दिसते, तीच कचेरीपुढच्या मेंदीत लहान प्रमाणावर दिसते, असे मला वाटते.

हे कुंपण घडते कसे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मृग लागण्याआधी माळी हातभर रुंद आणि तेवढाच खोल चर खणतो, आणि काळी माती फार चिकट असेल तर तीत मुरूम आणि कुजलेले शेणखत कालवून तो पुन्हा भरतो. दोन पाऊस पडून माती बसली की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीत-दीड वीत लांबीच्या काड्या दोन ओळींत, पण समोरासमोर न येतील अशा तिरक्या लावतो. पहिल्या वर्षी रोपे गुडघ्याएवढी वाढली की अनभिज्ञ मालकाला हर्ष होतो आणि जाणता माळी नेमकी तेव्हाच ती निर्दयपणे अर्ध्यावर छाटतो; कारण बुंध्याशी फांद्या फुटल्या नाहीत तर कुंपणाला खाली कायमची भोके राहतात आणि तिथूनच कोंबडी, कुत्रे आणि शेळी आत शिरतात. पुढची छाटणी दोन बांबूंमध्ये सुतळी ताणून तिच्या मापाने होते. जुन्या माळ्यांचा दंडक असा की कुंपण पायाशी रुंद आणि माथ्याशी किंचित निमुळते ठेवावे, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळते. दोन हातांची मोठी कातर लयीत चालू लागली म्हणजे कापलेल्या पाल्याचा जो उग्र, हिरवा वास सुटतो, तो ज्याने घेतला आहे त्याला कोणतीही सरकारी कचेरी डोळे मिटूनही ओळखता येईल.

या शिस्तीची एक किंमत होती. मेंदीचे तुरे नव्या फांदीच्या शेंड्याला येतात, आणि कुंपणात शेंडा कधी राहू दिलाच जात नाही. म्हणून ओळीत उभ्या केलेल्या मेंदीचा गंध गेला, आणि अंमलदाराच्या अंगणात ती केवळ पान होऊन राहिली. मात्र तिचा रंग कोणाला काढून घेता आला नाही. नागपंचमीच्या आदल्या दिवशी आजूबाजूच्या वस्तीतल्या मुलीबाळी ओच्यात, परकरात पाला भरून नेत, मोहरमच्या सातव्या दिवसाच्या मेंदीसाठी मुसलमान मोहल्ल्यांतली पोरे येत, तळपायाची आग होते म्हणून एखादी म्हातारी मूठभर पाला मागे, आणि चौकीदार तोंडाने रागावत असला तरी ही लूट मुख्यतः भर श्रावणात, झाड जोमाने फुटण्याच्या दिवसांत होत असल्यामुळे कुंपणाचे त्यात कल्याणच होई. सरकारी हद्दीची भिंत आणि वस्तीच्या हाताचा रंग एकाच झुडपातून निघावा, हे बॉक्सवुडला कधी साधले नसते. त्याचा पाला विषारी, त्याला ना माणूस तोंड लावतो ना गुरे. मेंदी हा नाइलाजाने पत्करलेला पर्याय होता असे जे उद्यानशास्त्राची पुस्तके वाचणारे म्हणतात, त्यांच्याशी मी मुळीच सहमत नाही. या मुलखापुरते पाहिले तर ती सरसच ठरली.

तिला जोडीदारही मिळाले. सावलीच्या जागी कुंती, जिला कामिनीही म्हणतात. तिची तकतकीत पाने आणि पावसाच्या सरीनंतर एकदम फुलणारी पांढरी सुवासिक फुले पाहून इंग्रजांनी तिला चिनी बॉक्स असेच नाव दिले होते. मूळची समुद्रकाठची कोयनेल खारट, चोपण जमिनीत तग धरते म्हणून आतपर्यंत आली. अलीकडे पिवळ्या पानांचा ड्युरांटा रोपवाटिकांतून सर्वत्र पसरला आहे, तो अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला. दिसतो झळझळीत, पण पाण्याचा भारी हावरा.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि कचेऱ्यांवरचे झेंडे बदलले, कुंपणे राहिली. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज निघाले, लातूरला पुढे दयानंद महाविद्यालय आले, आणि नव्या शिक्षणसंस्थांनी आपली आवारे आखताना जुन्या तालुकदाराच्या बंगल्याचीच हिरवी हद्द उचलली. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा नव्या कार्यालयांबरोबर ती तिथेही वाढली. पण या कुंपणाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण राज्यकर्त्यांनी दिलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडामातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार यांनीच हजारो माणसे गाडली, आणि औसा-उमरगा भागातील जी गावे समूळ दुसरीकडे वसवली गेली, त्यांत घरे एकमेकांना चिकटून न बांधता स्वतंत्र भूखंडांच्या मध्ये, मोकळ्या जागेत बांधली गेली. म्हणजे शतकानुशतके वाड्याच्या बुद्धीने जगलेल्या गावांवर एका रात्रीत बंगल्याची रचना येऊन पडली. शेजारच्या ओट्यावरून बोलणारी माणसे रुंद रस्त्यांच्या पलीकडे गेली, आणि ज्यांच्या कित्येक पिढ्यांना दाराला कुंपण ठाऊक नव्हते, त्यांना आपापल्या तुकड्याची हद्द कशाने दाखवावी हा प्रश्न पडला. कोणी काट्या रोवल्या, कोणी तार ओढली, कोणी शहाबादी फरशा उभ्या केल्या, आणि कोणी मेंदीच्या काड्या खोचल्या.

त्यानंतरचा काळ या झुडपाला अनुकूल नाही. २००८ मध्ये नांदेडला गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, त्या निमित्ताने रस्ते रुंदावले आणि शहराचे रूप पालटले. रस्ता वाढतो तेव्हा आधी बंगल्यापुढची पट्टी जाते. जागेचा भाव चढला की हातभर रुंदीची हिरवी भिंत मालकाला परवडत नाही, तिथे वीटभर रुंदीची सिमेंटची भिंत येते. कात्री चालवणारा हातही दुर्मिळ झाला आहे. आणि पाण्याचे तर विचारायलाच नको. एप्रिल २०१६ मध्ये लातुरास मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेस पाच लाख लिटर. ज्या गावात माणसे घागरीसाठी रात्र जागत होती तिथे वाफ्याला पाणी घालणे हा गुन्हाच वाटावा. त्या उन्हाळ्यात ड्युरांटा जळून गेला. मेंदीने सगळी पाने गाळली आणि नुसत्या काड्यांनी ती उभी राहिली. जूनमध्ये त्याच काड्यांना पालवी आली.

तिच्या या चिवटपणामुळे जुन्या विश्रामगृहांच्या आणि तहसिलींच्या मागील बाजूस ज्या वाकड्यातिकड्या, पोकळ झालेल्या ओळी अजून उभ्या आहेत, त्या उपटून नवे काही लावण्याची गरज नाही. राजस्थानातील सोजतचे शेतकरी मेंदीचे पीक दरसाल जमिनीलगत कापतात आणि एकदा केलेली लागवड कित्येक वर्षे चालवतात. आपल्याकडची जुनी ओळही रोहिणीत वीतभर उंचीवर सपाट कापावी, मेलेले खुंट काढून त्या जागी शेजारच्याच झाडाच्या काड्या लावाव्यात, चरात शेणखत पसरावे आणि पहिला फुटवा गुडघ्याला लागताच पुन्हा अर्ध्यावर छाटावा. दोन पावसाळ्यांत ती बुंध्यापासून भरते. एक गोष्ट मात्र मी तालुकदाराच्या शिरस्त्याविरुद्ध सुचवीन : फाटकाजवळचे एक झाड कापू नये, त्याला हवे तेवढे वाढू द्यावे, म्हणजे संध्याकाळी आत येणाऱ्याला फुलांचा वास मिळेल आणि नागपंचमीला पोरींना फांदी वाकवावी लागेल.